वाचक विचारतात : सिलोनचे स्वयंसेवक नौदल

प्रश्न : श्रीलंकेच्या नौदलाची सुरुवात कुठे 1937, कुठे 1938, तर कुठे 1950 अशी दिलेली असते. खरे साल कोणते? (एक वाचक, मिरज)

उत्तर : तिन्ही खरी. कायदा 1937 चा. त्यानुसार 1 जानेवारी 1938 ला कमांडर बीचम यांच्या हाताखाली ‘सिलोन नेव्हल व्हॉलंटियर फोर्स’ उभा राहिला. रॉयल सिलोन नेव्ही झाली 9 डिसेंबर 1950 ला. नौदलाचा वर्धापनदिन याच तारखेचा. आमच्या मते मात्र खरी सुरुवात 1938 चीच, कारण 1950 ला नव्या नौदलात आलेले जेमतेम शंभर अधिकारी-खलाशी याच दलात युद्ध पाहून आलेले होते.

अशा दलाची वर्षागणिक प्रगती मोजायची तर त्याच्यावर कोणते काम सोपवले जात होते ते पाहावे. वीस महिन्यांत, 31 ऑगस्ट 1939 ला, त्यांना युद्धसेवेत बोलावले. आधी बंदराची कामे, मग टग (ओढनौका) आणि ट्रॉलर (जाळे ओढणारी मासेमारी जहाजे) घेऊन पाणसुरुंग काढणे. 1943 मध्ये दल ब्रिटिश नौदलाच्या अखत्यारीत गेले आणि नाव पडले सिलोन आर.एन.व्ही.आर. (रॉयल नेव्हल व्हॉलंटियर रिझर्व्ह).

प्रश्न : मासेमारीच्या ट्रॉलरने सुरुंग कसे काढत? (एक वाचक, मालवण)

उत्तर : मालवणच्या वाचकाला अर्धे उत्तर ठाऊक असणारच. ट्रॉलरवर दणकट विंच, म्हणजे तार गुंडाळणारे यंत्र, असतो, आणि मागे तार सोडून ओढत नेण्याची सवय खलाशांच्या हाताला असते. फक्त जाळ्याऐवजी ‘ओरोपेसा’ या सुरुंग काढण्याच्या साधनाची करकरीत पिळाची तार सोडायची. जहाजाजवळचा ‘काइट’ ती खाली दाबतो, टोकाचा ‘ऑटर’ बाजूला खेचतो आणि वरचा तरंगता फ्लोट ऑटरची खोली सांभाळतो. सुरुंग तळाच्या वजनाला दोराने बांधलेला असतो. तो दोर तारेत अडकला की घसरत तारेवरच्या कटरपाशी (कापणाऱ्या पात्यापाशी) जातो आणि तुटतो. सुरुंग वर आला की लांबून रायफलने गोळ्या घालून बुडवायचा.

वेग पडला की काइट-ऑटरवरचा पाण्याचा रेटा कमी होतो, तार तळाला टेकते आणि खडकात अडकते. झटकन वळले तरी तेच. मोठा धोका पुढच्या जहाजाला, कारण ते सुरुंग अजून न काढलेल्या पाण्यातून जाते. म्हणून सुरुंगावर पाणी जास्त असेल अशी भरतीची वेळ साधायची. पण कोलंबोची भरती-ओहोटी मीटरभरही नसते, तिथे हा आधार नावापुरताच. चुंबकीय सुरुंगापुढे ही तार निरुपयोगी. तो तळाशीच पडून असतो, कापायला दोरच नसतो.

प्रश्न : आजोबांच्या 1943 च्या मुंबईतील फोटोत बाहीवर दोन नागमोडी पट्ट्या आहेत. त्यांचा अर्थ? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नागमोडी पट्टी म्हणजे स्वयंसेवक राखीव दल, इथे रॉयल इंडियन नेव्हल व्हॉलंटियर रिझर्व्ह. दोन पट्ट्या म्हणजे लेफ्टनंट. सरळ पट्टी कायम नोकरीवाल्यांची, एकमेकींत गुंफलेली व्यापारी जहाजांवरून आलेल्यांची. 1971 च्या युद्धातले नौदलप्रमुख अॅडमिरल नंदा 1941 मध्ये याच नागमोडी पट्टीने नौदलात शिरले होते.