प्रश्न तुमचे, उत्तर टाकीवाल्याचे: गेकोचं तीन मजली घर

प्रश्न (औसा, जि. लातूर): मुलगा पुण्याला शिकतो. सुट्टीत आला तो क्रेस्टेड गेको (पालीच्याच कुळातला परदेशी प्राणी) घेऊन, आणि परत जाताना त्याला आमच्या गळ्यात मारून गेला. आता आम्हालाच लळा लागलाय. सध्या प्लास्टिकच्या डब्यात आहे. त्याच्यासाठी जंगलासारखी, तीन मजल्यांची काचेची टाकी करायची म्हणतो. सुतार प्लायवूडच्या फळ्या मारून द्यायला तयार आहे. शेतातली काळी माती चालेल का? ऊब मिळावी म्हणून बल्ब किती वॅटचा लावू? वर स्लॅबची खोली रिकामी आहे, तिथे ठेवावी असा विचार आहे. खाली जुनी माळवदाची (लाकूड-मातीच्या छताची) खोलीही आहे, पण तिथे उजेड कमी.

उत्तर: भाऊ, बल्ब आधी दुकानातच राहू द्या. हा प्राणी न्यू कॅलेडोनियाचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिक महासागरात फ्रान्सच्या अमलाखाली असलेल्या बेटांवरचा. १८६६ साली त्याची शास्त्रात नोंद झाली. पुढे तो नामशेष झाला असंच धरून चालले होते, तो थेट १९९४ मध्ये पुन्हा सापडला. २२ ते २६ अंशांत तो मजेत असतो. पारा २८च्या वर गेला आणि तिथेच राहिला की त्याला त्रास सुरू होतो, आणखी चढला तर जीव जातो. इंटरनेटवर बल्ब लावा म्हणून सांगणारे बहुतेक थंड देशांतले. त्यांना जानेवारीची काळजी, आपल्याला मे महिन्याची. औसा पठारावर आहे, आमच्या नांदेडपेक्षा जरा बरं, पण चाळिशी तुम्हालाही चुकत नाही.

म्हणून जागा माळवदाचीच. किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी भराभर माळवदं उतरवली. तुमचं शाबूत आहे तर त्याचा फायदा घ्या. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती आग खाली सोडतो. गेको जागा असतो नेमका रात्री. उजेडाचं म्हणाल तर साधी एलईडी पट्टी बारा तास पुरते, टाकीतल्या झाडांनाही आणि त्यालाही. उन्हाळ्यात खोलीत कूलर लावा. आपली कोरडी हवा कूलरला मानवते, वर ओलावाही मिळतो. वारा मात्र थेट टाकीवर नको. लाईट गेली तर फ्रीजरमधली बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून वरच्या जाळीवर ठेवायची. थंड हवा आपोआप खाली उतरते.

आता मजले. मी काचेच्या टाक्या बनवतो आणि गिऱ्हाईक मजले म्हणालं की त्याच्या डोळ्यांसमोर कपाटाचे कप्पे असतात. फळ्या मारल्या की हवा कोंडते, आणि रोजच्या फवाऱ्याने प्लाय फुगून महिन्याभरात बुरशी धरतो. सुताराला चहा पाजा आणि परत पाठवा. गेकोला मजला म्हणजे वेगळं हवामान: तळाशी थंड आणि ओलं, मध्ये आडोसा, वर कोरडं आणि उघडं. कुठे बसायचं ते तो ठरवेल. मोठ्या गेकोला निदान दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकी लागते. दार समोरून. दाराखाली बोटभर रुंदीची जाळीची पट्टी आणि वर पूर्ण जाळी, म्हणजे हवा खालून शिरून वरून निघते. सांधे ज्या सिलिकॉनने भराल त्यावर 'बुरशीरोधक' लिहिलेलं नसावं. भरताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो पुरता गेल्याशिवाय आत काही सोडायचं नाही.

काळी माती नको. कामून, ते शेतकऱ्याला सांगायला नको: ओली झाली की चिखल, वाळली की भेगा, आणि पाणी खाली सोडत नाही. तळाला दोन इंच विटांचे तुकडे, त्यावर मच्छरदाणीची जाळी, त्यावर तीन इंच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि धुतलेली वाळू. वर आंब्याचा, वडाचा वाळका पाला. पाला सोयाबीनच्या बांधावरचा उचलू नका, फवारणीचं औषध त्याच्यासोबत टाकीत येईल. कुंडीखाली सापडणारे राखाडी किडे, बोट लावलं की गोळी होणारे, थोडे सोडा. विष्ठा आणि कुजका पाला तेच साफ करतात.

मधला मजला हा खरा संसार. दिवसा तो इथेच झोपतो. बाभळीच्या, बोरीच्या वाळल्या फांद्या काटे तासून घ्या. त्याच्या अंगाइतक्या जाड तरी हव्यात. काही आडव्या लावा, काही तिरप्या. या आडव्या फांद्यांवर कंजुषी करू नका. फांदी नसली की तो काचेवर डोकं खाली करून झोपतो, शेपूट पाठीवर किंवा बाजूला लोंबतं, आणि कायमचं वाकडं होण्याची भीती असते. बांबूचा वीतभर तुकडा दोन्ही बाजूंनी उघडा ठेवून तिरपा बांधा, लपायला त्याची आवडती जागा. शेजारी मनीप्लांट सोडा, पानाआड तो निवांत बसतो. रोप नर्सरीतून आणलं तर पानं नीट धुवा, माती बदला आणि महिनाभर वेगळं ठेवा. दगड ठेवायचाच तर थेट काचेच्या तळावर टेकवा. मातीवर ठेवला आणि खाली माती खचली तर गेको चेंगरतो. तो घाबरला तर शेपूट टाकतो, आणि आपल्या घरच्या पालीसारखी याची शेपटी परत येत नाही.

वरच्या मजल्यावर जाळीखाली चार-पाच इंच मोकळे सोडा. गरम हवा तिथे साठते, झोपायची जागा तिथे नको.

फवारा संध्याकाळी भरपूर, सकाळी हलका. दुपारपर्यंत पानं वाळली पाहिजेत. बोअरचं पाणी मारलंत तर आठवड्यात काच पांढरी होते. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं वापरा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, तेव्हा पाण्याची किंमत तुम्हाला मी काय सांगू. याला दिवसाला पेलाभर पुरतं. थंडीत खोलीचा पारा १८च्या खाली उतरला तरच ऊब द्या, तीही थर्मोस्टॅट (ठरलेल्या पाऱ्याला ऊब आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) लावून, टाकीच्या बाहेरून.

आणि हो, मुलाकडून खरेदीची पावती मागवून ठेवा. परदेशी प्राण्यांचे नियम आता कडक झालेत.

प्रश्न (त्याच घरातून, वेगळ्या अक्षरात): एकटा कंटाळत असेल. भिंतीवरची पाल सोबतीला आत सोडली तर?

उत्तर: वहिनी, नको. तिच्या पोटातले जंत याला लागतील, आणि दोघांत जो मोठा तो दुसऱ्याला चावेल. गेको एकटाच राहतो, त्याला कंटाळा येत नाही. पालीला ट्यूबलाईटमागे राहू द्या.