अश्वशास्त्राची पदवी कुठे मिळेल?

पत्र : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. आम्ही अकलूजचे. इथला घोडेबाजार भरला की तिला तिथून ओढून आणावं लागतं, आणि पालखीचं रिंगण असलं की अश्व दिसेल अशी जागा धरायला ती पहाटेच जाऊन बसते. तिला घोड्यांमध्येच करिअर करायचंय. नेटवर तिने दोन कोर्स शोधलेत. एक परदेशातली तीन वर्षांची ‘इक्वाइन मॅनेजमेंट’ची पदवी, खर्च 40 लाखांच्या घरात. दुसरा इथलाच एक वर्षाचा डिप्लोमा, फी दीड लाख. तिचे वडील म्हणतात, घोड्यांनी पोट भरत नाही, गपचूप बी.फार्मसी कर. नीटचा फॉर्म भरायचा की नाही, यावरूनच घरात वाद आहे. कोणतं कॉलेज निवडावं?
– एक आई, अकलूज

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी वाद मिटवू. नीटचा फॉर्म भरा. फार्मसीचा मार्ग त्याने बंद होत नाही आणि घोड्यांचा सगळ्यात भरवशाचा मार्ग त्याच परीक्षेतून जातो.

‘घोड्यांमध्ये करिअर’ म्हणजे नेमकं काय, हे मुलीला एकदा विचारा. रेसच्या एका घोड्याभोवती किती माणसं असतात बघा : सईस म्हणजे घोड्याची रोजची निगा राखणारा, पहाटे त्याला फिरवून आणणारा रायडर, जॉकी, ट्रेनर, नालबंद, डॉक्टर आणि घोडा जिथे जन्मला त्या स्टड फार्मचा मॅनेजर. यातल्या डॉक्टरलाच कायद्याने पदवी लागते. बाकीचे सगळे तबेल्यात घडतात. जॉकीला आणि ट्रेनरला टर्फ क्लबचं, म्हणजे रेस भरवणाऱ्या संस्थेचं, लायसन्स लागतं, पण ते देताना पदवी कुठल्या कॉलेजची असं कुणी विचारत नाही. जॉकीला तर वजन 50 किलोच्या आसपास ठेवावं लागतं, ती वेगळीच तपश्चर्या. म्हणून माझं साधं म्हणणं आहे : पदवी मागितली जाते तिथेच पदवीवर पैसे घाला, बाकी ठिकाणी वेळ घाला.

ती पदवी म्हणजे बी.व्ही.एससी. अँड ए.एच., जनावरांच्या डॉक्टरची पदवी. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, प्रवेश नीटच्या गुणांवर. आपल्याकडची सरकारी कॉलेजं नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात : मुंबईत परळचं (1886 सालचं), नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ. 15 टक्के जागा देशपातळीवरच्या कोट्यातून भरतात, त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. पालक ती हमखास विसरतात.

आता एक गोष्ट मुलीला आधीच माहीत असलेली बरी. या अभ्यासक्रमात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा भरपूर आहे, घोडा कमी. साडेपाच वर्षांत घोड्यावर फारसा हात न ठेवता पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलं मला भेटलेली आहेत. घोडा अभ्यासक्रमात नसेल तर तो आजूबाजूला असायला हवा, आणि कॉलेज निवडताना मी हेच आधी बघेन. परळहून महालक्ष्मीचं रेसकोर्स जवळ. शिरवळहून पुणे तासाभरावर, आणि पुण्यात रेसकोर्स आहे, हडपसर-थेऊरकडे पूनावालांचे स्टड फार्म आहेत. रेसच्या थरोब्रेड घोड्यांची वंशावळ नोंदवणारं स्टड बुकचं कार्यालयही पुण्यातच. तुम्हाला अकलूजहून शिरवळ सोयीचंही पडेल. परभणी किंवा उदगीर मिळालं तर मात्र नाक मुरडू नका. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तिथे चार दिवस डॉक्टरांसोबत फिरलं तरी खूप कळतं.

घोड्याचा डॉक्टर करतो काय, तेही सांगतो, कारण मुलींच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा फक्त स्वारी असते. घोड्याला उलटी करता येत नाही. त्याच्या पोटात बिघाड झाला, वायू साठला, आतड्याला पीळ पडला, की ते बाहेर काढायची वाट नसते. रात्री दोनला फोन येतो : घोडा सारखा लोळतोय, कुशीकडे वळून बघतोय, चंदीला, म्हणजे दाण्याला, तोंड लावत नाही. मग खांद्यापर्यंत हातमोजा घालून आत हात घालायचा, आतडं चाचपायचं, नाकातून पोटात नळी सोडायची, आणि शस्त्रक्रियेला न्यायचं की थांबायचं हे तिथल्या तिथे ठरवायचं. घोडी अकरा महिन्यांनी विते तीही बहुधा रात्रीच, आणि शिंगरू अडलं तर हाताशी मिनिटं असतात. हे वाचून मुलीचे डोळे चमकले तर पुढे जा. चेहरा पडला तरी हरकत नाही, रायडिंग शिकवणं हेही चांगलं काम आहे.

तिच्या वडिलांची शंका मात्र मी झटकून टाकणार नाही. रेसचा धंदा आज अडचणीत आहे. ऑक्टोबर 2023 पासून बेटिंगच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागला, आता तो 40 टक्के आहे. महालक्ष्मीच्या 211 एकरांपैकी 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी गेले. चेन्नईत गिंडीच्या रेसकोर्सची जमीन सरकारने ताब्यात घेतली. त्यामुळे फक्त रेसच्या भरवशावर आयुष्य बेतू नये, हे त्यांचं म्हणणं रास्तच आहे.

पण घोडा फक्त रेसमध्ये नसतो. सर्पदंशावरचं औषध अजूनही घोड्यांच्या रक्तातूनच बनतं. विषाची अगदी थोडी मात्रा देत देत घोड्याच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ देतात आणि मग त्याच्या रक्तातला द्रव वेगळा करतात. लसी-औषधं बनवणाऱ्या हाफकिन संस्थेचे असे घोडे पिंपरीला आहेत, आणि त्यांची निगा राखायला डॉक्टर लागतातच. सैन्याच्या घोडे-खेचरांसारख्या जनावरांची निगा राखणारी रिमाउंट व्हेटर्नरी कोअर आहे, केंद्र मेरठला. तिथे पदवीधर डॉक्टर अधिकारी म्हणून घेतात, अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत बघाव्यात. संशोधनाकडे ओढ निघाली तर हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. वीटभट्टीवरच्या, टांग्याच्या घोड्या-खेचरांसाठी काम करणारी ब्रूक इंडियासारखी संस्था आहे. आपला भीमथडी घोडा आता देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेलाय, आणि त्याची पैदास जपायला जाणकार माणसं लागणारच आहेत. यातलं काहीच जमलं नाही, तर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं, नाहीतर माळशिरस तालुक्यात गाईंचे गोठे काय कमी आहेत? वडिलांना हे शेवटचं वाक्य आधी वाचून दाखवा.

दीड लाखाच्या डिप्लोम्याबद्दल. त्यांना फोन करून विचारा, तुमच्या आवारात घोडे किती? मुलं रोज किती तास घोड्याजवळ असतात? मागच्या तुकडीतली दोन मुलं आज कुठे काम करतात, त्यांच्याशी बोलता येईल का? पहिल्याच प्रश्नावर ‘आमचं टाय-अप आहे’ असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने अशाच कुठल्याशा कोर्सचं वर्ष प्रोजेक्टरवर घोडे बघत काढलं होतं.

परदेशातला अभ्यास खोटा नाही. इंग्लंडमधलं हार्टपुरी किंवा आयर्लंडमधलं लिमरिक विद्यापीठ खरोखर घोड्यांचं शिक्षण देतं. पण अठराव्या वर्षी 40 लाख घालून, भारतात कुणी मागत नाही ती पदवी घेऊन परत येणं मला पटत नाही. तिथे नोकरी मिळेलच असं कुणी लिहून देत नाही. उलट इथली पदवी आणि थोडा अनुभव गाठीशी असला की वेगळी दारं आहेत. आयरिश नॅशनल स्टडचा पैदाशीचा काही महिन्यांचा कोर्स आहे. गोडॉल्फिन फ्लाइंग स्टार्ट हा रेस आणि पैदाशीच्या धंद्याचा कोर्स दोन वर्षांचा आहे, निवडक पदवीधरांना घेतात आणि खर्च तेच करतात. चुरस जगभरातून असते, पण अर्ज करायला काय जातं?

नीटला गुण कमी पडले तर एक वर्ष पुन्हा प्रयत्न करावा, त्यानंतर नको. मग जवळच्या कॉलेजात साधी, कमी फीची पदवी घ्यावी आणि सकाळचे तास तबेल्यात घालवावेत. तसं ठरलं तर पुन्हा लिहा, पुण्या-मुंबईच्या रायडिंग क्लबांबद्दल सविस्तर बोलू.

त्याआधी एक करा. दिवाळीच्या सुट्टीत तिला पंधरा दिवस एखाद्या तबेल्यात पाठवा. स्वारीसाठी नाही, सईसाच्या हाताखाली. पहाटे उठून लीद काढायची, खरारा करायचा, पाणी भरायचं. मी एका तबेल्यात बघितलं होतं, म्हातारा सईस घोड्याला बाहेर काढण्याआधी चारही पायांवरून गुडघ्यापासून खाली सावकाश हात फिरवत होता. एका पायाशी थांबला, परत हात फिरवला, आणि ट्रेनरला म्हणाला, “आज याला पळवू नका, ऊब लागतेय.” मीही हात लावून बघितला, मला काही कळलं नाही. तुमच्या मुलीला पंधराव्या दिवशी ती ऊब कळायला लागली का, तेवढं मला कळवा.

आणि जाताना तिला गमबूट घेऊन द्या. तबेल्यात चपला घालून आत घेत नाहीत.