गिअर बदलताना बसणारा गचका : गिअरबॉक्स उघडण्याआधी

प्रश्न : माझी सहा गिअरची ऑटोमॅटिक डिझेल गाडी २०१२ सालची असून १,४०,००० किलोमीटर चालली आहे. सकाळी निघाल्यावर दुसऱ्यातून तिसरा गिअर पडताना जोराचा गचका बसतो आणि दसरा चौकात सिग्नलला थांबता थांबता खालून ‘धप्’ असा आवाज येतो. गाडी गरम झाली की गचका कमी होतो, आवाज मात्र तसाच राहतो. गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडावा लागेल असे सांगतात. गिअरबॉक्सचे ऑइल आयुष्यभर चालते असे ऐकल्यामुळे ते कधीच बदललेले नाही. काय करावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : गिअरबॉक्स उघडण्याची परवानगी आपण एवढ्यात देऊ नये. आपण सांगितलेली दोन लक्षणे एकाच बिघाडाची असतील असे मला वाटत नाही.

‘धप्’ आवाज गाडी गरम झाल्यावरही राहतो, म्हणून आधी इंजिन व गिअरबॉक्सची माउंटिंग, म्हणजे त्यांना गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारे रबरी आधार, पाहावीत. सपाट जागी हँडब्रेक ओढून, ब्रेक पूर्ण दाबून ठेवून गिअर ‘डी’मधून ‘आर’मध्ये न्यावा आणि जाणकार माणसाने बाजूला उभे राहून बॉनेटखाली पाहावे, इंजिन उसळी मारल्यासारखे हलले, तर माउंटिंगचे रबर बसले आहे असे समजावे. मागच्या चाकांना ताकद जाणारी गाडी असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचे, जॉइंटही हलवून पाहावेत.

सकाळचा गचका मात्र ऑइलकडे बोट दाखवतो. ‘आयुष्यभर’ या शब्दावर विसंबून कित्येक चांगले गिअरबॉक्स वाया गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते. ऑटोमॅटिकमध्ये हेच ऑइल गिअरबॉक्सच्या आतले क्लच दाबते, व्हॉल्व्ह हलवते आणि उष्णता वाहून नेते. ते जुने झाले की दाब वेळेवर तयार होत नाही आणि क्लच हळुवार पकडण्याऐवजी एकदम पकडतो. पांढऱ्या फडक्यावर एक थेंब घ्यावा. बहुतेक नवे ऑइल लालसर असते. थेंब काळपट असून जळका वास आला, तर क्लचचे अस्तर जळू लागले आहे. थेंब गुलाबी दुधासारखा दिसला, तर रेडिएटरमधले कूलंट ऑइलमध्ये मिसळते आहे आणि अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये.

पातळी तपासताना घाई नको. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) नसलेल्या गिअरबॉक्समध्ये गाडी सपाट उचलून, इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावरच बाजूचा प्लग उघडायचा असतो. हे तापमान अनेक गाड्यांत ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. खालचा प्लग काढल्यावर साधारण निम्मेच ऑइल निघते, कारण उरलेले मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, राहते. म्हणून थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा बदलावे, फिल्टर नवा घालावा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रतीचेच ऑइल वापरावे. पॅन उतरवल्यावर आतले चुंबक स्वतः पाहावे : त्यावर करड्या रंगाचा बारीक लेप असणे स्वाभाविक आहे, पण धातूचे कीस किंवा तुकडे दिसले, तर गॅरेजवाल्यांचे म्हणणे खरे ठरते.

आपली गाडी डिझेलची असल्याने आणखी एक तपासणी राहते. इंजिन किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) देत आहे या माहितीवरून गिअरबॉक्सचा संगणक ऑइलचा दाब ठरवतो. हवा मोजणारा सेन्सर खराब असेल किंवा धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने भरलेला असेल, तर ही माहितीच चुकते आणि निरोगी गिअरबॉक्सही गचके देऊ लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स या दोन्ही संगणकांतले फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) ऑइल बदलण्याआधीच वाचून लिहून ठेवावेत, बॅटरीचे व्होल्टेजही पाहून घ्यावे.

ऑइल बदलल्यावर स्कॅनरने गिअरबॉक्सची जुनी शिकवण, म्हणजे संगणकाने जुन्या ऑइलशी जुळवून घेतलेल्या नोंदी, पुसून काही दिवस गाडी हलक्या पायाने चालवावी. हे सर्व होईपर्यंत कोकणात उतरून करूळ घाटाने गगनबावड्याला परत चढण्याचा बेत टाळावा, कारण लांबलचक चढावर क्लच घसरू लागला, तर ऑइल भलतेच तापते आणि आज केवळ ऑइलवर भागणारे काम खरोखरच गिअरबॉक्स उघडण्यापर्यंत जाते.