कोल्हापुरात कमी पैशांत टिकणारा सीडी प्लेअर कोणता घ्यावा?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या दीडेकशे सीडी आहेत, जुना प्लेअर डिस्क आत घेतो, फिरवतो आणि ‘नो डिस्क’ दाखवतो, घरात ॲम्प्लिफायर-स्पीकर आहेत आणि खर्च तीन हजारांच्या आत हवा. आमच्या घरी अगदी हेच झालं होतं.

आधी जुना प्लेअर उघडून बघा. माझा प्लेअर मी शाहूपुरीतल्या एका मिस्त्रींकडे नेला. त्यांनी झाकण काढलं, टॉर्च मारला आणि म्हणाले, “ह्ये बघा, दादा.” हरभऱ्याएवढ्या भिंगावर दुधाळ पापुद्रा होता. आपल्याकडे जूनपासून चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात, तिथं भिंगाचं काय! कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्यांनी ते अलगद पुसलं आणि प्लेअर पुढं दोन वर्षं वाजला. ट्रे अडकत असेल तर बहुतेक वेळा आतला रबरी पट्टा कडक झालेला असतो. तोही स्वस्तात बदलतो.

तरीही वाजत नसेल तर माझं स्पष्ट मत: ऑनलाइन मिळणारा नवा स्वस्त डबा-प्लेअर घेऊ नका. मी घेतलेला आठ महिन्यांत बंद पडला आणि आतला लेझर कुठंच मिळेना. त्यापेक्षा सोनी, फिलिप्स, पॅनासॉनिक यांपैकी कुणाचा तरी चांगल्या स्थितीतला जुना डीव्हीडी प्लेअर घ्या. मला बाराशेला मिळाला. मागं लाल-पांढऱ्या ऑडिओ पिना असतात, त्या थेट ॲम्प्लिफायरला लागतात. समोर आकडे दाखवणारा डिस्प्ले आणि मूळ रिमोट मात्र हवाच, नाहीतर एक गाणं बदलायला टीव्ही लावत बसावं लागतं.

दुकानदार पिक्चरची डीव्हीडी लावून “बघा, मस्त चालतोय” म्हणेल. त्यावर जाऊ नका. डीव्हीडी लाल किरणानं वाचली जाते, ६५० नॅनोमीटरच्या. सीडीला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त किरण लागतो. बऱ्याच डीव्हीडी प्लेअरमध्ये त्यासाठी दोन वेगळे डायोड, म्हणजे किरण सोडणारे भाग, असतात, त्यामुळं सीडीचा गेला तरी डीव्हीडी छान चालते. घरातली सगळ्यात लांबलचक, थोडी चरे पडलेली सीडी सोबत न्या आणि थेट शेवटचा ट्रॅक लावा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळं भिंग सरकवणारी यंत्रणा झिजली असेल तर ती कडेला अडखळते. मग पाचसहा वेळा पुढचे-मागचे ट्रॅक बदला. कान जवळ नेऊन ऐका. कटकट आवाज येत राहिला तर उठून या. चांगला असेल तर निदान अर्धा तास वाजवून बघा, कारण काही प्लेअर तापल्यावरच अडखळायला लागतात. आणि मिस्त्रींना आधीच विचारा, या मॉडेलचा लेझर मिळतो का. मिळत नसेल तर पाचशेलासुद्धा नको.

आवाजाची काळजी करू नका. सीडीवर मुळात १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचंच ध्वनिमुद्रण असतं आणि ते कुठलाही धड प्लेअर नीट वाचतो. आमच्याकडं गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्यांवरून काढलेली सीडी आहे. मूळ तबकडीची खरखरसुद्धा त्यात जशीच्या तशी ऐकू येते.

शेवटची गोष्ट, आणि ही प्लेअरच्याही आधी करा. तुमच्या सीडींत काही घरच्या मैफलींच्या, कॉम्प्युटरवर राईट केलेल्या आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांतला रंगाचा थर उन्हानं, दमटपणानं उतरत जातो आणि त्यांची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही. कुणाकडून तरी डीव्हीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर दोन दिवस मागून आणा आणि वडिलांच्या अक्षरातलं नाव असलेली प्रत्येक सीडी आधी उतरवून घ्या.