वाचकांचे प्रश्न : निवृत्त शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समिती

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. आमच्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालकांनी माझी स्थानिक शिक्षणतज्ज्ञ म्हणून निवड केली. शाळेचे मुख्याध्यापक माझे जुने सहकारी आहेत. पुष्कळदा बैठक न होताच इतिवृत्ताची वही शिपायाकरवी घरी येते आणि सही मागितली जाते. विचारले, तर "बाई, तुम्हाला आतले सगळे ठाऊकच आहे," असे उत्तर मिळते. दुसरीकडे पालक शिक्षकांविषयीच्या तक्रारी माझ्याकडेच घेऊन येतात आणि अध्यक्षपदही मीच घ्यावे, असा आग्रह धरतात. मी कोणती भूमिका घ्यावी?

उत्तर : अध्यक्षपदाचे आधी पाहू, कारण त्यात विचार करण्याजोगे फारसे नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्या राज्यात अध्यक्ष पालक सदस्यांमधूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतात. आपण शिक्षणतज्ज्ञ म्हणून समितीवर आहात, त्यामुळे पालकांचा आग्रह कितीही मनापासूनचा असला, तरी तो आपल्याला मान्य करता येणार नाही.

सहीचा प्रश्न मात्र गंभीर आहे. आपल्याला नोकरीतला ग्रामशिक्षण समितीचा काळ आठवत असेल. त्या काळी वहीवर सह्या गोळा करणे हा शिष्टाचाराचाच भाग झाला होता आणि तीच सवय नव्या समितीतही उतरली. समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा व्हावी, तिचे इतिवृत्त व निर्णय रीतसर नोंदवले जावेत आणि ते लोकांना पाहता यावेत, अशी नियमांची अपेक्षा आहे. वही घरी आली, म्हणजे त्या महिन्याची बैठक झालीच नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. सही करण्यापूर्वी ते पान नीट पाहावे. ठरावाची शेवटची ओळ आणि पहिली सही यांच्यामध्ये चार-पाच ओळींची मोकळी जागा सोडलेली असेल, तर तिथे पुढे काय लिहिले जाईल हे आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. वही शांतपणे परत पाठवावी आणि बैठकीची तारीख लेखी मागावी. मुख्याध्यापकांशी स्नेह आहे म्हणून हे टाळू नये. उद्या लेखापरीक्षणात एखाद्या खर्चावर आक्षेप निघाला, तर सर्वांच्या हजेरीत मांडलेला ठराव त्यांच्याच उपयोगी पडेल.

'तुम्हाला आतले ठाऊक आहे' या वाक्यात मुख्याध्यापक अनवधानाने एक खरी गोष्ट बोलून गेले आहेत. समितीतील पालकांपैकी बहुतेकांनी कॅशबुक कधी हातात धरलेले नसते, साठा नोंदवही काय असते हे त्यांना माहीत नसते, आणि 'शैक्षणिक साहित्य' एवढ्याच शब्दांवर काढलेल्या बिलाखाली कोणती वस्तू, किती नग, असे विचारायचे असते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. आपण हे सारे वर्षानुवर्षे केले आहे. ही माहिती आपल्यापाशीच राहिली, तर आपण फक्त आणखी एक सही ठराल; पालकांना ती शिकवली, तर समिती खऱ्या अर्थाने उभी राहील. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदानाचेच उदाहरण घ्या. १०१ ते २५० पटाच्या शाळेला योजनेच्या निकषांनुसार वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते आणि मिळालेल्या अनुदानाचा किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. पुढच्या बैठकीत एखाद्या पालक भगिनीच्या हाती कॅशबुक द्यावे, त्यातली एक नोंद तिला मोठ्याने वाचायला सांगावे, तिचे व्हाउचर शोधावे आणि मग सर्वांनी उठून ती वस्तू शाळेत कुठे आहे ते पाहून यावे. एवढ्या एका नोंदीने जे साधते, ते तासाभराच्या भाषणाने साधत नाही. पोषण आहाराची चव नोंदवहीसुद्धा अशीच पाहावी. महिनाभर रोज एकाच शाईत, एकाच वळणात 'चव चांगली' लिहिलेले असेल, तर ती कुणी आणि कधी भरली, एवढे विचारले तरी पुरे.

तक्रारींचा निवाडा आपण घरी करू नये. निवृत्त बाई म्हणून लोक विश्वासाने येतात, पण बाईंच्या ओटीवर मिटलेल्या तक्रारीची कुठेही नोंद राहत नाही. गैरहजेरी, अपुरा अभ्यासक्रम, पालकांच्या सभा न होणे हे विषय शिक्षकांच्या कलम २४ मधील कर्तव्यांशी जोडलेले आहेत. ते समितीसमोर मांडावेत. मारहाण किंवा मानसिक छळ असेल, तर ती गोष्ट वेगळी. कलम १७ ने त्यास पूर्ण मनाई केली आहे आणि त्यात समजुतीचा मार्ग काढण्याचा मोह कुणीच धरू नये. कलम ३२ अन्वये स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो, आणि त्याने समाधान न झाल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

या कामात आपण शिक्षकांच्या विरोधात उभ्या आहात, असे जुन्या सहकाऱ्यांना वाटू शकेल. त्यांचे एक गाऱ्हाणे मात्र आपणच सर्वांत चांगले मांडू शकाल. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढे वगळता शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावता येत नाही, असे कलम २७ सांगते. शिक्षकांवर अशा कामांचा बोजा पडत नाही ना, हे पाहणे समितीच्याच कामात मोडते. ऑनलाइन माहिती भरण्यात कोणत्या वर्गाचे किती तास गेले, याची नोंद समितीने ठेवली आणि ती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे ठरावासह पाठवली, तर त्या कागदाला शिक्षकांच्या तोंडी कुरकुरीपेक्षा निश्चितच अधिक वजन येईल. (हा ठराव मुख्याध्यापक आनंदाने लिहून घेतील, असा माझा अंदाज आहे.)

प्रश्न : मी समितीचा अध्यक्ष आहे, शेती करतो. आमच्या समितीत एक माजी मुख्याध्यापक आहेत. माणूस अत्यंत सज्जन, परंतु सगळी बैठक तेच बोलतात, ठरावही तेच सांगतात. त्यांच्यापुढे आम्हा पालकांचे तोंड उघडत नाही. आमच्यातले निम्मे तर त्यांचेच विद्यार्थी आहेत.

उत्तर : ज्यांनी हाताला धरून अक्षरे गिरवायला शिकवली, त्यांना मध्येच थांबवणे अवघड असते, हे मान्य आहे. म्हणून बोलण्यापेक्षा कामाची वाटणी बदलावी. विषयपत्रिका आधी चार दिवस सर्वांना द्यावी, बैठकीत प्रत्येक विषयावर प्रथम पालकांनी, त्यातही माता सदस्यांनी बोलावे आणि गुरुजींनी शेवटी मत द्यावे, असा क्रम एकदा ठरावानेच पक्का करावा. कलम २२ प्रमाणे समितीला शाळा विकास आराखडा करायचा असतो. पुढची पटसंख्या, लागणारे शिक्षक, वर्गखोल्या व इतर सुविधा यांचा वर्षनिहाय हिशेब त्यात मांडावा लागतो. हे काम गुरुजींकडे सोपवावे, पण एकट्याकडे नको. सोबत दोन पालक असावेत. घरोघर जाऊन सहा वर्षांची होणारी मुले मोजण्याचे काम पालकांनी करावे आणि आकड्यांवरून खोल्या व शिक्षक कसे काढायचे, ते गुरुजींनी शिकवावे. पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक, हे प्रमाण कायद्याच्या अनुसूचीतच आहे. आपल्या मुलांचे आकडे आपणच मोजून आणलेला पालक बैठकीत गप्प बसणे कठीण.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलगा-सून परगावी नोकरीला असल्याने नात माझ्याकडे राहते आणि इथल्याच शाळेत शिकते. मला पालक म्हणून समितीवर येता येईल का?

उत्तर : कायद्यातील 'पालक' या संज्ञेत बालकाची देखभाल व ताबा ज्या व्यक्तीकडे आहे, तिचाही समावेश होतो. त्यामुळे मार्ग बंद नाही. शाळेच्या नोंदीत पालक म्हणून आपले नाव आहे का, ते पाहावे. नसल्यास मुलाकडून लेखी पत्र घेऊन ते मुख्याध्यापकांकडे द्यावे आणि पालकसभेच्या आधी नोंद करून घ्यावी. पालक म्हणून निवडून आल्यास अध्यक्षपदासाठीही आपला विचार होऊ शकतो.