सूर्यावरचे डाग वाढले की मधल्या वातावरणाचं, म्हणजे ढगांच्या थराच्या वर साधारण १०० किलोमीटरपर्यंतच्या हवेचं, तापमानही वाढतं का?

हो, वाढतं. पण सूर्य एकूणच जास्त तापतो म्हणून नाही. डाग वाढण्या-घटण्याच्या साधारण ११ वर्षांच्या सौरचक्रात त्याची एकूण ऊर्जा जेमतेम ०.१ टक्क्यानं बदलते. खरा फरक अतिनील किरणांत पडतो. २०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे किरण कित्येक टक्क्यांनी वाढतात, आणि नेमके तेच ऑक्सिजनचे रेणू फोडून ओझोन घडवतात. म्हणजे ओझोनही वाढतो आणि त्याला शोषायला अतिनील किरणही जास्त मिळतात. त्यामुळे सुमारे ५० किलोमीटर उंचीवर, स्थितांबराच्या (ओझोन असलेल्या थराच्या) माथ्याशी, चक्र ऐन भरात असताना तापमान साधारण १ अंशानं चढतं.

उलटही घडतं, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. ऑक्टोबर २००३ च्या सौरवादळातून आलेल्या प्रोटॉनांमुळे ध्रुवांवर नायट्रोजन आणि हायड्रोजनची ऑक्साइडं वाढली, त्यांनी ओझोन खाल्ला. ओझोन घटला की ऊन शोषणारंच कमी होतं, मग थर थंड पडतो.

आपल्याकडे तिरुपतीजवळ गादंकीला लायडारनं, म्हणजे आकाशात लेसर सोडून, ही तापमानं मोजतात. मात्र आकडे वाचताना एक लक्षात ठेवा: कार्बन डायऑक्साइड वाढल्यानं हा सगळा पट्टा मुळात थंड होत चाललाय, ती घसरण आधी बाजूला काढावी लागते.