गोड्या पाण्यातील लाल शैवाल: सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये घालू नका

आंबोलीच्या ओढ्यातून आणलेले बुळबुळीत झुपके फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवण्याच्या द्रावणात) घालून तुम्ही तपासणीला पाठवलेत आणि ‘हिरवे शैवाल, प्रजाती अनिश्चित’ एवढाच शेरा हाती आला, हे वाचून माझ्या जुन्या दुखण्यावरची खपली निघाली. तुमच्या झुपक्यांच्या नुसत्या छायाचित्रावरून निदान करू नये हे मला मान्य आहे. तरीही सावलीतल्या वाहत्या पाण्यात कातळाला धरून राहिलेले आणि भिंगातून मण्यांच्या माळेसारखे दिसणारे हे शैवाल बॅट्राकोस्पर्मम हे लाल शैवाल किंवा त्याच्या जवळच्या कुमानोआ, सिरोडोशिया या प्रजातींपैकी (प्रजाती म्हणजे जीनस, जातीच्या वरचा गट) असण्याची शक्यता मला दाट वाटते. गोड्या पाण्यातील बहुतेक लाल शैवाले निळसर हिरवी किंवा तपकिरी असतात, त्यामुळे केवळ रंग पाहून लाल शैवालाची शक्यता फेटाळणे चुकीचे आहे.

माझे सर्वांत मोठे नुकसान एका प्रयोगशाळेने केले. संपूर्ण नमुना फॉर्मॅलिनमध्येच हवा, अशी त्यांची लेखी अट होती. ती बाटली त्यांच्याकडे पावसाळा संपेपर्यंत खिडकीजवळच्या फळीवर पडून राहिली. रंग उडाला, डीएनए कामाचा उरला नाही आणि शेवटी तुमच्यासारखाच शेरा आला. स्लाइड कोणी केली, मादी अवयव पाहिले का, हे विचारायला गेल्यावर मला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवण्यात आले. तोवर पुराच्या लोंढ्याने ओढ्यातले झुपके वाहून गेले होते, त्यामुळे दुसरा नमुना घेण्याचीही सोय राहिली नाही. ज्यांना हे काम जमत नाही त्यांनी नमुना सरळ परत करावा. अंदाजाने शेरा मारून विद्यार्थ्याचे वर्ष वाया घालवण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून नमुन्याचे काठावरच तीन भाग करा. एक भाग सूक्ष्मदर्शकासाठी फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा टिपकागदाने पाणी टिपून डीएनएसाठी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये आणि तिसरा हर्बेरियम शीटवर (वाळवून जपण्याच्या कागदावर) ठेवा. शक्य असेल तर थोडा ताजा तुकडा त्याच दिवशी आयोडीनच्या थेंबात पाहा: हिरव्या शैवालातील स्टार्च निळा-काळा होतो, लाल शैवालातील स्टार्चला तांबूस तपकिरी छटा येते. ही चाचणी दिशा दाखवते, नाव देत नाही.

नाव ठरते ते मुख्यतः मादी अवयवांवरून. कार्पोगोनियम (ज्यात फलन होते तो मादी अवयव) धारण करणारी शाखा वाकडी किंवा पिळवटलेली असेल तर कुमानोआचा विचार करावा. कार्पोगोनियमचा तळ एका बाजूला फुगलेला असेल आणि फलनानंतरचे तंतू अक्षावर पसरत गेलेले असतील तर सिरोडोशियाचा. हे अवयव न दिसता कोणी जातीचे नाव सांगत असेल तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

दगडावर नुसतेच बारीक, आखूड झुपके आढळले तर ती बहुधा शँट्रान्शिया अवस्था (या शैवालांच्या जीवनचक्रातली बारीक तंतूंची अवस्था) असते आणि दिसण्यावरून तिची प्रजातीही सांगता येत नाही; मात्र याच झुपक्यांवर पुढे मोठे लैंगिक झाड थेट उगवते, त्यामुळे तो दगड न हलवता जागेची नोंद ठेवा आणि थंडीत पुन्हा जा. हा विषय आपल्याकडे नवा नाही: बालकृष्णन आणि चौगुले यांनी बॅट्राकोस्पर्मम महाबळेश्वरेन्सिस या जातीची पेशीरचना आणि जीवनचक्र यांवरचे काम १९८० सालीच प्रसिद्ध केले आहे. तुमच्या मार्गदर्शकांना ते अवश्य दाखवा.

संरक्षित जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नका. नमुना परदेशी पाठवण्याचा विचार असेल तर जैविक विविधता कायदा, २००२ खालील परवानग्या आधी तपासा. मी कायद्याचा जाणकार नाही, त्यामुळे ही खात्री महाविद्यालयामार्फतच करून घ्यावी. आधीच्या प्रयोगशाळेकडून उरलेला नमुना आणि केलेल्या स्लाइड लेखी अर्ज देऊन परत मागवा, कारण फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यांतही कार्पोगोनियम शाबूत असू शकते.